सातव्या विषयात संपलेलं आयुष्य

माझं आयुष्य सातव्या विषयात संपलं. म्हणजे मी गेलो नाही, चांगला धडधाकट आहे, वजन तर वाढलंच आहे. पण आमच्या पदवीला एकूण बारा विषय होते, प्रत्येक विषयाच्या शेवटी स्वतःच्या आयुष्यातला एक अनुभव लिहून द्यायचा होता, आणि माझा साठा सहाव्या विषयालाच खलास झाला. पन्नाशीला टेकलेल्या माणसाच्या आयुष्यात बारा अनुभव निघत नाहीत, ही माहिती मला त्या कॉलेजनं फी घेऊन दिली.

मी टायर रिमोल्ड करणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर आहे. ट्रक-बसचे झिजलेले टायर आमच्याकडे येतात. आम्ही त्यांची जुनी नक्षी खरवडून काढतो, वर नव्या रबराचा पट्टा चढवतो, चेंबरमध्ये शिजवतो आणि पुन्हा रस्त्यावर पाठवतो. मी शिकाऊ म्हणून लागलो आणि सरकत सरकत सुपरवायझर झालो. माझ्या शिक्षणाचा विषय कोणी काढला नाही, मी तर मुळीच काढला नाही. मग कारखान्याचे मालक बदलले. नव्या मालकांनी फतवा काढला की वर्षअखेरपर्यंत ज्याच्याकडे पदवी नसेल त्याची तपासणीच्या कागदांवर सही चालणार नाही, आणि ज्याची सही चालणार नाही तो सुपरवायझर राहणार नाही. माझ्या खुर्चीवर कोण बसणार तेही ठरलं होतं. माझ्याच हाताखालचा तपासनीस. पदवीधर, मन लावून काम करणारा, वेळेवर येणारा. त्याच्यात खोट एकच, तो माझ्या बायकोचा धाकटा भाऊ.

आता मेहुण्याला साहेब म्हणायचं हे ज्याच्या वाट्याला आलं नाही त्याला कळणार नाही. या मुलाला मी नोकरीला चिकटवला. दर रविवारी आमच्याकडे जेवायला येतो तेव्हा त्यानं आयुष्यात काय करावं यावर मी भात गार होईपर्यंत बोलतो आणि तो मान डोलावतो. उद्या तो माझ्या रजेच्या अर्जावर सही करणार, या कल्पनेनंच मी रजा मागणं बंद केलं. बायकोला विचारलं तर ती म्हणायची की कोणीही झालं तरी पगार घरातच येणार. हे माझं सांत्वन होतं की भावाची बाजू होती, ते मी तिला विचारलं नाही.

तर मी पदवीला बसलो. 'नोकरदार प्रौढांसाठी वेगवान पदवी' असं तिचं नाव. चार आठवड्यांत एक विषय, आठवड्यातून दोन संध्याकाळी वर्ग. कॉलेज म्हणजे एका फर्निचरच्या दुकानावरचा मजला. खाली गुबगुबीत सोफे मांडलेले, आणि त्यांच्याकडे बघत जिना चढून वर गेलं की आमच्या वाट्याला हाताला लाकडी फळी जोडलेल्या खुर्च्या. त्या खुर्च्या बहुधा अठरा वर्षांच्या पोटांसाठी केलेल्या होत्या. फळी खाली पाडली की माझा श्वास अडायचा, त्यामुळे वर्षभर मी वही मांडीवर ठेवून लिहिलं.

पहिल्या दिवशी समन्वयकबाईंनी आम्हाला नियमपुस्तिका वाटली. दोनदा गैरहजर राहिलात तर विषय बाद. अर्धा तास उशीर म्हणजे अर्धी गैरहजेरी. निबंध पंधराशे शब्दांपेक्षा कमी भरला तर तो तपासलाच जाणार नाही, सरळ शून्य. एक विषय बाद झाला तर तो पुढच्या वर्षीच्या गटाबरोबर करायचा, मधे कुठेही घुसता येणार नाही. एवढं त्यांनी तोंडी सांगितलं, बाकीचं घरी वाचायला सांगितलं, आणि वाचल्याची सही मात्र तिथंच घेतली. मी झोकात सही ठोकली. कारखान्यात सुरक्षेची पुस्तिका न वाचता सही करणाऱ्या कामगाराला मी उभं करून झापतो, हे इथं सांगून ठेवतो.

वर्गात सगळे माझ्यासारखेच, दिवसभर राबून आलेले. फरक इतकाच की त्यांना आयुष्यात काहीतरी घडलेलं होतं. एक नर्सबाई होत्या, त्यांना प्रत्येक पाळीला एक अनुभव मिळायचा. एक बस ड्रायव्हर होता, त्याच्या बसमध्ये एक बाळंतपण झालं होतं आणि ब्रेक निकामी होऊन तो एकदा उतारावरून बस घेऊन थेट पेट्रोल पंपात गेला होता. हे लोक अनुभव निवडून घ्यायचे. मी आपला खिसे चाचपत बसायचो.

पहिल्या विषयाला मी चेंबरचं दार अडकल्याची गोष्ट लिहिली. दुसऱ्याला हमालांचा संप. तिसऱ्याला एका गिऱ्हाइकाचा टायर फुटला आणि तो कारखान्यात येऊन माझ्या नावानं ओरडला, ते. चौथ्याला घराला रंग दिला. पाचव्याला मोठेपणी पोहायला शिकलो. खरं तर कमरेइतक्या पाण्यापर्यंतच शिकलो, पण निबंधात मी पार पलीकडच्या काठाला पोचवलं स्वतःला. सहाव्याला तंबाखू सोडल्याचं लिहिलं आणि ते लिहिताना तोंडात काय होतं ते विचारू नका. यानंतर मी डोळे मिटून आयुष्य नीट आठवलं, तर उरलेलं सगळं टायरचंच होतं.

सातवा विषय आला संवादकौशल्य. निबंध: 'शब्दांवाचून संवाद'. मला एकदम बाबा आठवले.

बाबा म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. अर्धांगाचा झटका आला, एक बाजू गेली आणि वाचाही गेली. मागच्या खोलीत ते बरीच वर्षं अंथरुणावर होते. मी लिहायला बसलो आणि पेन थांबेचना. त्यांची भाषा म्हणजे फक्त डोळे आणि एका हाताची बोटं, आणि ती भाषा मी कशी हळूहळू शिकलो. भूक लागली की ते काय करायचे, कूस बदलायची असली की काय करायचे. गिळताना त्यांना ठसका लागायचा, औषधाची वेळ आली की त्यांच्या डोळ्यांत भीती उतरायची, आणि मी त्यावर कसा उपाय शोधून काढला. त्यांच्यासाठी मला केवढा त्याग करावा लागला. लिहिता लिहिता माझे डोळे भरून आले. स्वतःच्या चांगुलपणानं रडू येणं हा अनुभव मात्र अस्सल होता, तोच लिहायला हवा होता.

आमच्या घरात टाइप करायचं काम बायकोचं. ती एका वकिलाच्या ऑफिसात टायपिस्ट होती, तिची बोटं बघत बसावीत अशी चालतात. माझ्या हातात मात्र रबराचा आख्खा पट्टा द्या, की-बोर्ड देऊ नका. मी कागदावर खरडायचो, ती जेवणं आटोपल्यावर टाइप करायची. हाही निबंध तिनं केला. मधे एकदा हात थांबला तिचा, मग परत चालू झाला. कधीपर्यंत द्यायचाय एवढं तिनं विचारलं, मी सांगितलं, ती झोपायला गेली.

त्या निबंधाला वर्गात सर्वांत जास्त गुण पडले. सरांनी तो मोठ्यानं वाचला. नर्सबाईंनी चष्मा काढून पुसला. ड्रायव्हरनं जिन्यात माझा हात हातात घेतला आणि म्हणाला की असा मुलगा सगळ्यांना मिळो. मी नम्रपणे खाली बघितलं. ते मला झकास जमतं.

मग व्हायचं तेच झालं. आठवा विषय मी टायरवरच कसाबसा रेटला. नववा विषय वेळेचं व्यवस्थापन, तिथं घोडं परत अडलं, आणि मी बाबांना पुन्हा बाहेर काढलं. या वेळी संवाद कमी केला आणि वेळापत्रक घातलं: पाळी सांभाळून आजाऱ्याची सेवा कशी बसवली. त्यालाही उत्तम गुण. दहावाही टायरवरच काढला. अकरावा विषय नीतिशास्त्र. वेळापत्रक खरवडून काढलं, वर कर्तव्याचा पट्टा चढवला आणि दिला पाठवून. तिन्ही वेळा टाइप बायकोनं केलं. तिन्ही वेळा ती काही बोलली नाही, म्हणून मी समजलो की तिलाही आवडलाय.

आठवड्याभरात समन्वयकबाईंचं बोलावणं आलं. कॉलेजनं नुकत्याच आणलेल्या संगणकानं माझा निबंध पकडला होता. चोरलेला मजकूर तो पिवळा करून दाखवतो म्हणे. माझी सगळी पानं पिवळीधमक होती, माझं नाव तेवढं पांढरं राहिलं होतं. मी विचारलं की मी कोणाचं चोरलं. बाई म्हणाल्या, तुमचंच. नियमपुस्तिकेत अठराव्या पानावर लिहिलं होतं की एकदा गुण मिळवलेलं स्वतःचं लेखन दुसऱ्या विषयाला देणं हीसुद्धा नक्कल समजली जाईल. मी माझ्याच घरात दरोडा घातला होता आणि तोही नीतिशास्त्राच्या पेपरात. विषय बाद झाला की वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की मेहुणा साहेब.

समितीपुढे जायच्या आधी मी आरशासमोर बचाव पाठ केला. समितीत तिघं होते. मधे हिशेबाचे एक म्हातारे प्राध्यापक, त्यांच्या एका बाजूला समन्वयकबाई, दुसऱ्या बाजूला नीतिशास्त्राच्या मॅडम. मॅडम माझ्याहून लहान, कमी बोलणाऱ्या, आणि त्या दिवशी रात्रभर झोप नसल्यासारख्या दिसत होत्या. मी उभा राहून सांगितलं की माझ्या धंद्यात याला चोरी म्हणत नाहीत, रिमोल्डिंग म्हणतात. टायरचा सांगाडा मजबूत असेल तर तो टाकून देणं हाच गुन्हा आहे. सांगाडा तोच, नक्षी नवी, आणि मी तर प्रत्येक विषयाला वेगळी नक्षी काढली होती. म्हाताऱ्या प्राध्यापकांना हे फार पटलं. त्यांनी विचारलं की छोट्या गाडीचे टायर आम्ही करतो का. समन्वयकबाई खाकरल्या नसत्या तर मी बहुधा ऑर्डर घेऊनच बाहेर पडलो असतो.

शेवटी त्यांनी ठरवलं की पहिलीच चूक आहे, हेतू वाईट दिसत नाही, तेव्हा विषय बाद करायचा नाही. आठवड्याभरात नवा निबंध द्यायचा. विषय तोच, कर्तव्य, पण अनुभव पूर्वी कुठेही न वापरलेला. बाकी सगळे नियम जसेच्या तसे. रविवारी संध्याकाळपर्यंत निबंध आला आणि तो तपासण्याजोगा असला, तर मी सुटलो. माझा जीव भांड्यात पडला. मी तिघांचेही दोनदोनदा आभार मानले.

कागद आवरताना मॅडम सहज बोलल्यासारख्या म्हणाल्या, "एक विचारू? हे समितीचं नाही, माझं आहे. माझे वडील महिन्यापूर्वी आजारी पडले. अर्धांगच. औषध गिळताना त्यांना फार ठसका लागतो, घाबरतात. तुम्ही लिहिलंय ना, तुम्ही त्यावर उपाय काढला होता. काय करायचात तुम्ही?"

मी तोंड उघडलं. मला खात्री होती की उत्तर आत कुठेतरी असणार. तीन वेळा लिहिलं होतं ते वाक्य. 'मी त्यावर उपाय शोधून काढला.' त्याच्या पुढे पूर्णविराम होता आणि पूर्णविरामाच्या पुढे काहीच नव्हतं. मॅडम हातात पेन घेऊन थांबल्या होत्या. त्या लिहून घेणार होत्या.

"घरी विचारून सांगतो," मी म्हणालो.

माझ्या तोंडून काय गेलं ते मला ऐकू आलं, पण उशिरा. म्हातारे प्राध्यापक खिडकीकडे बघायला लागले. समन्वयकबाईंनी एकच कागद दोनदा सरळ केला. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. त्यांना ते सगळं तिथंच परत उघडता आलं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "हो. विचारा. मला खरंच हवंय." आणि त्यांनी त्यांचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला.

खालच्या सोफ्यांमधून बाहेर पडेपर्यंत माझी समजूत अशी होती की मी थोडक्यात वाचलो.

घरी बायको भाजी चिरत होती. मी निकाल सांगितला, ती म्हणाली बरं झालं. मग मी विचारलं की बाबांना औषधाचा ठसका लागायचा तेव्हा ती काय करायची. ती हात न थांबवता म्हणाली, "पाणी पातळ असलं की ठसका लागतो. ते दाट करायचं, औषधाच्या दुकानात पावडर मिळते त्याची. आणि मान मागे नाही टाकायची, सगळे तिथंच चुकतात. हनुवटी खाली, छातीकडे. एकदा गिळलं की परत एकदा नुसतंच गिळायला लावायचं. कशाला?"

मी कशाला ते सांगितलं. तिनं सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि माझ्याकडून चिठ्ठी मागून घेतली. मॅडमशी ती बोलायला लागली तेव्हा मी बाहेर बसलो होतो, आणि जेवणाची वेळ झाली तरी त्यांचं चाललंच होतं. मला इकडची बाजू ऐकू येत होती. रागावतील, रागावू द्या, म्हणत होती. हात झिडकारला तर मनाला लावून घेऊ नका. आमचे सासरे तर माझ्या अंगावर थुंकले होते पहिल्या महिन्यात, मग दिवसभर माझ्याकडे बघेनात, लाज वाटली त्यांना. संध्याकाळी बाहेर गाडीचा आवाज आला की डोळे मोठे करायचे. मी सांगायचे, आलेत हं, हातपाय धुताहेत. मग झोपायचे.

ती गाडी माझी होती. बाबा जागे राहतात हे मला ठाऊक नव्हतं. हातपाय धुऊन मी जेवायला बसायचो.

शनिवारपर्यंत मी नवा अनुभव शोधत होतो. शेवटी बायकोलाच म्हटलं की माझ्या आयुष्यातलं न वापरलेलं काहीतरी आठव. ती खरंच विचार करायला लागली. अगदी मनापासून, कपाळाला आठ्या घालून. बऱ्याच वेळानं म्हणाली, "तुम्ही कारखान्यातच असायचात हो." त्यात तक्रार नव्हती. तिला मदत करायची होती आणि सापडत नव्हतं.

मग मी जे विचारायला हवं होतं ते विचारलं. म्हटलं, "ते निबंध टाइप करताना तुला काही वाटलं नाही?"

"पहिल्यांदा वाटलं," ती म्हणाली. "ते त्यागाचं आलं ना, तिथं. नोकरी मी सोडली होती. मग म्हटलं, जाऊ दे, तुमचं काम होतंय." मग म्हणाली, "एक बदल मात्र मी केला होता, तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही लिहिलं होतं, बाबांची डावी बाजू गेली होती. उजवी गेली होती."

मी म्हणालो की मला तर डावीच आठवते. अगदी स्पष्ट आठवते, निर्जीव पडलेला तो हात डोळ्यांसमोर आहे.

तिनं परत विचार केला. माझं कुठे चुकलं असेल ते ती शोधत होती, तिच्या भावाची बेरीज चुकली की लहानपणी शोधून द्यायची म्हणे, तशीच.

"तुम्ही दारातून बघायचात ना," ती म्हणाली. "दारातून तो हात डावीकडेच दिसायचा."

टोमणा असता तर मी उलट बोललो असतो, उलट बोलण्यात मला कोणी हरवलेलं नाही. पण तो टोमणा नव्हता. तिला उत्तर सापडलं होतं आणि ती परत कपड्यांच्या घड्या घालायला लागली. मला लाज वाटली. आजवर मी लाजेचे बरेच प्रकार केले होते, जिन्यातला तो नम्रपणाचा धरून. ही साधी होती, आणि ती कोणाला दाखवावीशी वाटत नव्हती.

रविवारी दुपारी मी स्वतः की-बोर्ड पुढ्यात घेतला. दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, बाबांच्या आजारपणात मी माझ्या हातानं जे केलं तेवढंच लिहायचं असं ठरवलं. पलंग मी आणला होता, ते लिहिलं. एकदा त्यांची दाढी करायला गेलो आणि गाल कापला, त्यानंतर न्हावी यायला लागला. एकदा बायकोची कंबर धरली होती तेव्हा चादर बदलताना मी दुसरं टोक धरलं. एकदा मी त्यांना चमच्यानं भरवत होतो, त्यांना ठसका लागला, मी चमचा टाकून हिला हाक मारत बाहेर पळालो. रोज जाता-येता 'काय बाबा, कसं काय' विचारायचो, आणि त्यांना उत्तर देता येत नाही म्हणून थांबायचो नाही. ओव्हरटाइम मी त्या वर्षांत मागून घेतला होता. घरात थांबवत नव्हतं, हेही लिहिलं. मग खूप वेळ बसलो. आणखी काही आठवेना. एक पान झालं होतं, तेही ओळी लांब लांब सोडून.

बायकोनं पान मागून घेतलं आणि उभ्यानंच वाचलं. वाचून होईपर्यंत मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही.

"बरोबर आहे," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण हे कमी पडेल."

"पडेल."

"मी सांगते की अजून. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून मी काय करायचे, जेवण कसं वाटायचे, बोटांनी ते काय काय सांगायचे. सगळं आहे माझ्याकडे. मी बोलते, तुम्ही लिहा. पंधराशे आत्ता होतील."

होणार होते. मॅडमनी ते तपासलंही असतं, आणि मला वाटतं, पासही केलं असतं. माझी सही राहिली असती, खुर्ची राहिली असती, रविवारी जेवताना मेहुण्याला अक्कल शिकवायचा हक्क राहिला असता. मला ते सगळं हवं होतं. अजूनही हवं आहे, खोटं कशाला बोलू.

"नको," मी म्हणालो. "ते तुझं आहे."

"अहो, नाहीतर तो साहेब होईल तुमचा."

"होऊ दे."

मी पान कॉलेजच्या पोर्टलवर चढवलं. लगेच लाल अक्षरांत सूचना आली की शब्द किमान मर्यादेपेक्षा कमी आहेत, हा निबंध तपासला जाणार नाही, तरीही सादर करायचा का. खाली हो आणि नाही असे दोन चौकोन. बायको खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. तिनंही सूचना वाचली. मी 'हो' शोधून दाबलं. पडद्यावर ते एक पान परत उघडलं, पोचल्याची खूण म्हणून, आणि ती वाकून ते पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली.